बॉयलर पेटलेला असताना स्कॅन नको

प्रश्न : आमच्या वीज केंद्रात ऑफिसच्या संगणकांची पेनिट्रेशन टेस्ट (परवानगीने हल्ला करून कच्चे दुवे शोधणं) होते. आता तीच टीम चालू युनिटचं डीसीएस (युनिट चालवणारी नियंत्रण प्रणाली) नेटवर्क स्कॅन करायचं म्हणते. करू द्यावं का? (इन्स्ट्रुमेंटेशन तंत्रज्ञ, भुसावळ)

अजिबात नाही. ऑफिसचा सर्व्हर लटकला तर रीस्टार्ट मारता येतो; इथे कंट्रोलर लटकला तर युनिट ट्रिप होऊ शकतं. जुनी उपकरणं साध्या पिंगनेही, म्हणजे ‘आहेस का?’ अशा नेटवर्कवरच्या हाकेनेही, बिथरतात. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेच्या २००५ च्या अहवालात नोंद आहे : पिंग स्वीप (नेटवर्कवरच्या सगळ्यांना ओळीने पिंग) चालू असताना, स्वस्थ उभा असलेला नऊ फुटी रोबोटचा हात एकाएकी १८० अंशांत फिरला. एका गॅस कंपनीत तर तपासणीमुळे स्काडा (दुरून देखरेख आणि नियंत्रण करणारी प्रणाली) अडकली आणि चार तास गॅस पुढे सोडता आला नाही.

चालू युनिटवर फक्त ऐकायचं, म्हणजे स्विचच्या मिरर पोर्टवरून (जिथे ट्रॅफिकची नक्कल मिळते) ट्रॅफिक टिपायचं. खरी ठोकाठोक सुट्या कंट्रोलरवर किंवा ओव्हरहॉलच्या शटडाऊनमध्ये. परमिटशिवाय तुम्ही पॅनेल उघडत नाही. या टीमलाही तोच नियम लावा. शिफ्ट इनचार्ज शेजारी हवा, आणि तो ‘थांबा’ म्हणाला की थांबायचं, वाद नको.

प्रश्न : आमचा सौर प्रकल्प इंटरनेटला जोडलेलाच नाही. मग टेस्ट कशाला? (ऑपरेटर, साक्री)

दादा, सर्व्हिस इंजिनिअरचा लॅपटॉप कुठून कुठून फिरून येतो? राउटरमध्ये कुणाचं सिमकार्ड आहे? आधी हेच तपासून घ्या. इराणमधल्या नतांझ अणुकेंद्राचं नेटवर्कही इंटरनेटपासून तोडलेलं होतं, तरी स्टक्सनेट हा घातक प्रोग्राम आत पोहोचलाच. युक्रेनमध्ये २३ डिसेंबर २०१५ ला चोरलेल्या पासवर्डने शिरलेल्यांनी ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत ब्रेकर उघडले. सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली.

आत शिरल्यावर अडवणारं फारसं काही नसतं. बऱ्याच इन्व्हर्टरची भाषा मॉडबस, १९७९ ची. तिचा एक संदेश उघडून बघा : उपकरणाचा क्रमांक, फंक्शन ६ म्हणजे ‘लिही’, रजिस्टर (आकडा ठेवायची जागा), नवा आकडा. ‘तू कोण?’ हे विचारायची जागाच त्यात नाही. म्हणून मधली फायरवॉल खरंच अडवते का, ते टेस्टमध्ये बघायचं.

प्रश्न : शोडानवर (इंटरनेटला जोडलेली उपकरणं शोधणारं सर्च इंजिन) उघडे पीएलसी (यंत्रं चालवणारे कंट्रोलर) दिसतात. आत जाऊन बघून मालकाला कळवू का? (विद्यार्थी, जळगाव)

आत पाऊल टाकू नका. विनापरवानगी प्रवेश माहिती तंत्रज्ञान कायद्यात बसत नाही. सरकारने जाहीर केलेली संरक्षित प्रणाली असेल तर कलम ७० खाली दहा वर्षांपर्यंत कैद आहे. जे बाहेरून दिसलं तेवढंच सर्ट-इनला (देशाची सायबर सुरक्षा संस्था) कळवा. सराव करायला ओपनपीएलसी हे पीएलसीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.