विश्रामबागेत (सांगली) सोसायटीच्या गच्चीवर हॅम (हौशी) रेडिओचा मास्ट, म्हणजे अँटेनाचा खांब, उभारायला परवानगी कोणाची?

हॅमचा परवाना रेडिओवर संदेश पाठवण्या-घेण्याचा असतो, बांधकामाचा नव्हे. गच्ची सामाईक, म्हणून आधी सर्वसाधारण सभेचा लेखी ठराव घ्या; अध्यक्षांचा तोंडी होकार भांडण झालं की उपयोगाचा नाही. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आणि नकाशा जोडून महापालिकेच्या नगररचना विभागात लेखी विचारा.

खरी तक्रार उंचीची नसते, गळतीची असते. कोबा फोडून बोल्ट मारलात की पावसाळ्यात खालच्या फ्लॅटमध्ये ओल उतरते. मास्ट उभा धरणाऱ्या ताण-तारा तीन, एकमेकींपासून १२० अंशांवर. पण विटांच्या कठड्याला बांधू नका, वाऱ्यात कठडाच उखडतो. कॉलमच्या माथ्याला बांधा. महावितरणची तार मास्टच्या लांबीपेक्षा दूर हवी, म्हणजे पडला तरी लागणार नाही. मास्टच्या अर्थिंगची पट्टी थेट जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत न्या आणि इमारतीच्या अर्थिंगला जोडा.