उरुशी म्हणजे लाख नव्हे

एका वाचक भगिनीने विचारलं आहे: "जपानी कारागिरांनी हाताने बनवलेल्या फाउंटनपेनांची माहिती मराठीत लिहिते आहे. 'लॅकर'साठी 'लाखेचा मुलामा' चालेल का? आणि 'माकिए' या त्यांच्यावरच्या सोनेरी-चंदेरी नक्षीला मराठी शब्द आहे का?"

लाख नको आणि मुलामाही नको. त्या पेनांवर असते ती उरुशी, आणि मराठीतही तिला उरुशीच म्हणावं.

लाख किड्यांपासून मिळते. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे किडे रस शोषत बसतात आणि अंगाभोवती राळेचं कवच करतात. ते खरवडून, गाळून आपण लाख आणि चपडा करतो. उरुशी हा झाडाचा चीक आहे. खोडाला आडव्या चिरा देऊन तो थेंब थेंब गोळा करतात. जपानात इवाते प्रांतातलं जोबोजी त्यासाठी नावाजलेलं आहे. दहा-पंधरा वर्षं वाढवलेल्या झाडातून एका हंगामात साधारण 200 ग्रॅम चीक मिळतो आणि मग ते झाड तोडलं जातं.

घोटाळा झाला तो इंग्रजीमुळे. संस्कृत 'लाक्षा', प्राकृत 'लक्खा', आपली 'लाख' हा शब्द व्यापाऱ्यांबरोबर युरोपात गेला आणि त्यातूनच पुढे 'लॅकर' आला. युरोपियनांनी पूर्व आशियातल्या चकचकीत वस्तू पाहिल्या तेव्हा त्यांनाही तेच नाव चिकटवलं. आता आपण 'लॅकर'चं मराठी करताना पुन्हा 'लाख' लिहितो. व्युत्पत्ती बरोबर येते, पदार्थ मात्र चुकतो.

उरुशीचं आपल्याकडचं खरं नातं बिब्ब्याशी आहे. दोन्ही झाडं आंबा आणि काजूच्या कुळातली, म्हणजे आम्रकुलातली. बिब्बा अंगावर उततो, काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं, आंब्याच्या चिकाने ओठ सोलवटतात. उरुशीच्या ओल्या चिकानेही अंगावर असेच फोड आणि खाज उठते, आणि नव्या कारागिरांना ते सोसावं लागतं. परीट कपड्यांवर खुणा करायला बिब्बा वापरत, कारण तो डाग धुतल्याने जात नसे. उरुशीचा टिकाऊपणा याच जातीचा आहे. लाख तापली की मऊ पडते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. सुतारांचं चपड्याचं पॉलिश त्यावरच चालतं. पक्की झालेली उरुशी मात्र स्पिरिटला दाद देत नाही. उरुशीच्या वाडग्यातून जपानी लोक गरम सूप पितात. तिला बाधतं ते कडक ऊन.

'पक्की झालेली' असं मी मुद्दाम लिहिलं, 'वाळलेली' लिहिलं नाही. वाळणं म्हणजे ओल जाणं. उरुशीला उलट दमट हवा हवी असते. चिकातल्या उरुशिऑल या घटकाचं लॅकेज नावाच्या विकरामुळे ऑक्सिडीकरण होतं, आणि त्यासाठी ऊब आणि भरपूर आर्द्रता लागते. म्हणून पुट दिल्यावर वस्तू दमट कपाटात ठेवतात.

'पुट' हाच इथे योग्य शब्द आहे. मुलामा धातूचा असतो, आणि मराठीत त्याला वरवरच्या देखाव्याची छटा आहे. उरुशीचं पुट द्यायचं, पक्कं होऊ द्यायचं, घासायचं, पुन्हा पुट द्यायचं, असं महिनोन्‌महिने चालतं. शिवाय फाउंटनपेनावर उरुशी आली ती आधी संरक्षणासाठी. 1918 साली तोक्योत र्‍योसुके नामिकी आणि मासाओ वादा यांनी पेनांची कंपनी काढली, तीच आजची पायलट. तेव्हा पेनं एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असत. उजेडाने त्यांचा काळा रंग विटे. त्यावर उपाय म्हणून 1925 च्या सुमारास उरुशीची पुटं चढू लागली. नक्षी त्यांच्यावर बहरली. 1930 साली लंडनच्या डनहिल या कंपनीशी करार होऊन ही पेनं युरोपात गेली. 1931 साली गोन्रोकू मात्सुदा या थोर कलावंताच्या पुढाकाराने कारागिरांचा 'कोक्कोकाई' हा गट उभा राहिला.

आता माकिए. उच्चार मा-कि-ए, शेवटचा 'ए' वेगळा. 'ए' म्हणजे चित्र. 'माकि' ज्या क्रियापदावरून आलं त्याचे अर्थ दोन: बी पेरणं आणि भुकटी भुरभुरणं. आपल्या 'पेरणे'तही हे दोन्ही अर्थ आहेत. शेतात ज्वारी पेरतात आणि वड्यांवर खोबरं-कोथिंबीरही पेरतात. माकिएत ओल्या उरुशीने चित्र काढून त्यावर सोन्याची किंवा चांदीची पूड पेरतात. मला हा जुळलेला अर्थ फार मोलाचा वाटतो, तरी 'सुवर्णपेरणी' असा नवा शब्द मी घडवणार नाही. ते कलेचं नाव आहे, पैठणीसारखं. ते तसंच राहू द्यावं. वर्णनात मात्र 'सोन्याची पूड पेरलेली' असं नि:शंक लिहा. 'सोन्याने रंगवलेलं' लिहिलंत तर ती कृतीच हरवते.

प्रकारांची नावं लिहिताना जपा. 'हिरा-माकिए' वाचून मराठी माणूस पेनावर हिरे शोधेल. तिथला 'हिरा' म्हणजे सपाट. तेव्हा 'सपाट माकिए', आणि 'ताका'साठी 'उठावाचं माकिए' लिहावं. 'तोगिदाशी'त चित्रावर पुन्हा उरुशी चढवून, मग घासत घासत ते वर आणतात. त्याला 'घासून उजळलेलं' म्हणता येईल. 'नाशिजी' या सोनेरी कणांच्या पार्श्वभूमीचं नाव नाशी या जपानी फळाच्या ठिपकेदार सालीवरून आलं आहे. फळ नाशपातीच्याच गोत्रातलं, पण 'नाशपाती' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. दोन्ही शब्दांतला 'नाश' योगायोगाने सारखा आहे.