मोटरसायकल सहा महिने उभी राहणार आहे. घरच्यांनी दर आठवड्याला पाच मिनिटं सुरू केली तर पुरेल का?

नाही. या सल्ल्याशी माझं जुनं वाकडं आहे, म्हणून आधी त्याचाच समाचार.

पाच मिनिटं स्लोवर ठेवून इंजिन तापत नाही. सायलेन्सर हात पोळेल इतका तापतो, पण आतलं ऑइल कोमटच असतं. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, लिटरमागे जवळजवळ लिटरभर. गाडी अर्धा तास पळाली तर ते वाफ होऊन बाहेर पडतं. अर्धवट तापलेल्या इंजिनात ते ऑइलमध्ये उतरतं आणि सायलेन्सरच्या तळाशी साचून पत्रा खातं. ऑइलचं झाकण काढून आतली बाजू बघा, पिवळट-पांढरा फेसाळ चिकटा दिसला तर तो बहुधा या पाच मिनिटांचाच प्रसाद. शिवाय सेल्फने बॅटरीतून जेवढं ओढलं, तेवढं पाच मिनिटांच्या स्लोमध्ये परत भरेलच याची खात्री नाही.

गाडी कार्बोरेटरची की इंजेक्शनची, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि खरा फरक तिथेच पडतो.

कार्बोरेटर असेल तर घोळ फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्बोरेटरखाली पेट्रोल साठतं त्या छोट्या भांड्यात, होतो. ती बंदिस्त नसते. पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे डिंकासारखा थर राहतो. जेट म्हणजे पेट्रोल जायची बारीक भोकं: मेन जेट निभावून नेतो, पण स्लोला पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. ते बुजलं की गाडी चोकवर सुरू होते, चोक ढकलला की मरते, आणि लोक स्लोचा स्क्रू पिळत बसतात. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवली म्हणजे वाटी कोरडी झाली, हाही गैरसमज. तळाशी थोडं उरतंच. वाटीखालचा ड्रेन स्क्रू सोडून ते भांड्यात काढा (इंजिन थंड असताना, जवळपास ठिणगी नको) आणि स्क्रू परत कसा.

टाकी लोखंडी असेल तर गळ्याच्या खालच्या कडेपर्यंत भरा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेने आतून पत्र्याला घाम येतो आणि गंज धरतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते पाणीही ओढतं. फ्युएल स्टॅबिलायझर (पेट्रोल शिळं होणं लांबवणारं द्रव) बाटलीवरच्या मापाने टाका आणि दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते पुढच्या नळ्यांपर्यंत पोचेल. कार्बोरेटरची वाटी रिकामी करायची ती यानंतर. इंजेक्शनच्या गाडीत मात्र पेट्रोल संपेपर्यंत चालवायच्या भानगडीत पडू नका. पंप बहुतेक गाड्यांत टाकीतच असतो, पेट्रोलनेच थंड राहतो, कोरडा फिरला तर जाऊ शकतो.

इंजिन गरम आहे तोवर ऑइल बदला. परत आल्यावर नव्हे, आत्ता. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल असते, ती सहा महिने बेअरिंगांवर बसू द्यायची नाही.

बॅटरी काढून ठेवा. आधी निगेटिव्ह सोडायची: पॉझिटिव्ह सोडताना पाना चेसिसला टेकला आणि निगेटिव्ह अजून जोडलेली असेल, तर थेट शॉर्ट. महिन्यातून एकदा मीटर लावा. 12.4 व्होल्टच्या खाली आली की चार्ज करा, क्षमतेच्या दहाव्या भागाने, म्हणजे 5 एएचच्या (अँपिअर-तास, बॅटरीवर लिहिलेली क्षमता) बॅटरीला अर्धा अँपिअर. उतरलेली बॅटरी तशीच राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग चार्जर बिचारा काय करणार. (हे लेड-ॲसिडचं, लिथियमला तिचाच चार्जर लागतो.)

बाकी किरकोळ: डबल स्टँड, टायरमध्ये पूर्ण हवा, चेन पुसून ऑइल, सायलेन्सर गार झाल्यावर तोंडात कापडाचा बोळा. बोळ्याचं टोक लोंबतं ठेवा, नाहीतर विसराल. वर कापडी कव्हर. प्लास्टिक खालची ओल कोंडतं. वर्षभरापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल, पाचेक मिलिलिटर, आणि गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने दोनचार वेळा फिरवा, मग प्लग परत लावा.

तीनचार आठवड्यांचाच प्रश्न असता तर यातलं काहीच नको होतं. आणि घरचं कुणी पंधरवड्याला खरंच वीसेक किलोमीटर फिरवून आणणार असेल, तर तेही उत्तम, मग बॅटरी जागच्या जागी राहू द्या. पण नुसतं जागेवर घुरघुरायला लावणार असतील, तर त्यांना मीटर द्या आणि किल्ली सोबत घेऊन जा.