एकाच डेपोत दोन पगारविभाग कसे? ही रेषा नेमकी कोण ओढतं?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: तुम्ही अमेरिकेत एका लष्करी डेपोत डब्ल्यूजी श्रेणीत, म्हणजे तासाच्या मजुरीवर, मेकॅनिक आहात. पलीकडच्या टेबलावरच्या जीएस श्रेणीतल्या, म्हणजे वार्षिक पगारावरच्या, प्लॅनरला मोठ्या महानगराचा पगारविभाग लागू आहे, तुम्हाला मात्र जवळच्या लहान शहराचा. इमारत एक, पार्किंग एक, घरभाडंही साधारण तेवढंच. मग ही रेषा कोण ठरवतं, आणि ती हलते का?

मी अशाच एका डेपोतून (नाव राहू दे) इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो. युनियनच्या वतीने दोनदा मजुरी सर्वेक्षणाचे आकडे गोळा करायलाही गेलो होतो. त्यामुळे हे प्रकरण कागदावर वाचलंय तसं कारखान्यांच्या दारात उभं राहूनही पाहिलंय.

आधी एक गैरसमज काढून टाकू. या दोन्हींपैकी कोणताही पगार महागाईवर ठरत नाही. तुमच्या गावात घरभाडं दुप्पट झालं तरी सरकारच्या हिशेबात त्याला जागा नाही. खाजगी मालक त्याच कामाला काय देतात, एवढंच पाहिलं जातं. आमच्या युनियनच्या सभांत निम्मा वेळ या एका मुद्द्यावर जायचा. लोक किराणा मालाची बिलं घेऊन यायचे, आणि बिचाऱ्या अध्यक्षाला तेच तेच समजावून सांगावं लागायचं.

तुमच्या श्रेणीचं मूळ फार जुनं आहे. 1862 साली अमेरिकी संसदेने नौदलाच्या गोद्यांसाठी कायदा केला: तिथल्या कामगारांची मजुरी लगतच्या परिसरातल्या खाजगी कारखान्यांच्या मजुरीशी जुळती असावी. आज जी फेडरल वेज सिस्टिम चालते ती 1972 च्या कायद्याची, पण तत्त्व तेच. खरी मेख त्या ‘लगतच्या परिसरात’ या शब्दांत आहे. गोदीच्या काळात कामगार पायी यायचा, त्यामुळे लगतचं म्हणजे काय हे कुणाला विचारावं लागत नसे. आता माणूस रोज सत्तर मैल गाडी हाकत कामावर येतो. मग लगतचं काय आणि लांबचं काय? तुमचा प्रश्न शेवटी इथेच येऊन थांबतो.

जीएसचा स्थानिक भत्ता याच्या मानाने अगदी नवा. 1990 चा कायदा, आणि 1994 पासून अंमल. त्याच्या सीमा महानगराभोवती आखल्या जातात. कुठल्या काउंटीतून (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागातून) किती माणसं शहरात कामाला जातात हे बघून शेजारच्या काउंट्या जोडत जातात, आणि कुठेच न बसणारा सगळा मुलूख ‘उर्वरित अमेरिका’ या एका गाठोड्यात जातो. 2025 साली या गाठोड्याला मूळ पगारावर 17.06 टक्के होते, न्यूयॉर्क विभागाला 37.95 टक्के. एक काउंटी कुठल्या बाजूला पडते याला किती किंमत आहे ते यावरून कळेल.

डब्ल्यूजीचे विभाग मात्र शहराभोवती नाही, लष्करी तळ आणि डेपो जिथे होते त्यांच्याभोवती उभे राहिले. नवा विभाग करायचा तर नियम असे: एखाद्या खात्याचे किमान 100 मजुरीवरचे कामगार तिथे हवेत, आणि ये-जा करता येईल एवढ्या अंतरात किमान 50 कामगार असलेले 20 तरी खाजगी कारखाने हवेत. किंवा तसे दहा कारखाने, ज्यांत मिळून 1,500 माणसं आहेत. शिवाय सर्वेक्षणात येणाऱ्या उद्योगांतले खाजगी कामगार सरकारी मजुरीवाल्यांच्या निदान दुप्पट हवेत. म्हणजे तुलना करायला पुरेसा ‘बाजार’ आहे का, हे पाहायचं. 2025 पर्यंत असे विभाग देशभर सुमारे 130 झाले होते. एका नकाशाच्या केंद्रस्थानी महानगर, दुसऱ्याच्या केंद्रस्थानी तळ. हे दोन नकाशे एकमेकांवर ठेवले की रेषा जुळणार कशा?

आता एक बारकावा, जो मलाही पहिल्या सर्वेक्षणापर्यंत ठाऊक नव्हता. विभागात दोन वर्तुळं असतात. आतलं वर्तुळ सर्वेक्षणाचं, म्हणजे जिथल्या कारखान्यांना मजुरी विचारली जाते. बाहेरचं वर्तुळ लागू होण्याचं. त्या काउंट्यांत दर लागू होतो, पण तिथल्या मालकांना कुणी काही विचारत नाही. तुमचा डेपो बाहेरच्या वर्तुळात असला, तर तुमच्या दारातल्या कारखान्याने मजुरी कितीही वाढवली तरी तुमच्या मजुरीच्या तक्त्यावर तिचा काडीचा परिणाम होत नाही. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी म्हणतात ना, तसा प्रकार.

पूर्ण सर्वेक्षण दोन वर्षांतून एकदा होतं, मधल्या वर्षी फक्त मजुरी किती बदलली ते तपासतात. आकडे गोळा करणारे जोडीने जातात: एक व्यवस्थापनाचा, एक युनियनने सुचवलेला. माझा जोडीदार हिशेब खात्यातला, अतिशय सज्जन आणि अतिशय चेंगट. कारखान्यात गेलं की पदाच्या नावावर जायचं नाही, काम बघायचं. एका ठिकाणी ज्याला ‘मेंटेनन्स टेक्निशियन’ म्हणत होते तो दिवसभर पॅनेल जोडत होता, म्हणजे आमच्या हिशेबात चक्क इलेक्ट्रिशियन, दहावी श्रेणी. जोडीदाराचं म्हणणं, हा साधा मदतनीस. गाडीत बसून आम्ही पाऊण तास भांडलो आणि शेवटी परत आत जाऊन फोरमनला विचारलं. तेव्हा कुठे तो इलेक्ट्रिशियन ठरला. मालकाने आकडे द्यायलाच हवेत अशी सक्ती नाही, आणि दिलेले आकडे गुप्त ठेवावे लागतात. म्हणून कुठला कारखाना, हे विचारू नका.

त्याच फेरीत नदीपलीकडे एक मोठा कारखाना दिसायचा. आमच्याकडची पोरं डेपो सोडून तिकडेच जात होती. पण पूल ओलांडला की काउंटी बदलायची आणि सर्वेक्षणाचं वर्तुळ संपायचं. ज्या मालकाशी आमची खरी स्पर्धा, त्याच्याच दारावर थाप मारायची आम्हाला परवानगी नव्हती. सीमा म्हणजे काय ते मला त्या पुलावर कळलं.

गोळा झालेल्या आकड्यांतून एक सरळ रेषा काढतात आणि त्यावर पंधरा श्रेणींचे दर बसवतात. प्रत्येक श्रेणीत नोकरीच्या वर्षांनुसार चढायच्या पाच पायऱ्या असतात, आणि तो दर म्हणजे दुसरी पायरी. पहिली पायरी त्याच्या 96 टक्के, पाचवी 112 टक्के. म्हणून जुना माणूस ‘बाजारापेक्षा बारा टक्के वर’ दिसतो आणि अधिकारी ते ऐकवायला विसरत नाहीत. ते ऐकवत नाहीत ती गोष्ट अशी की 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून संसद दरवर्षी या वाढीवर कमाल मर्यादा घालत आली आहे. सर्वेक्षणात निघालेली वाढ मर्यादेपेक्षा जास्त असली तर वरचा भाग कापला जातो. पुढे जीएसला त्या भागात मिळेल त्यापेक्षा कमी वाढ द्यायची नाही अशी किमान मर्यादाही आली. म्हणून रेषा सरकली की सगळं मिळालं असं समजू नका. कुठला तक्ता लागू ते रेषा ठरवते, तक्त्यातला आकडा बराचसा वॉशिंग्टनमध्ये ठरतो.

आता रेषा ओढणाऱ्यांकडे वळू. अधिकार ओपीएमचा, म्हणजे केंद्रीय कर्मचारी खात्याचा. त्याला सल्ला देणारी समिती एफप्रॅक: पाच व्यवस्थापनाचे, पाच युनियनचे आणि एक अध्यक्ष. काउंटी इकडून तिकडे न्यायची तर जुने निकष तीन. अंतर, रस्ते आणि डोंगरनद्या हा एक. लोकांची कामासाठीची ये-जा हा दुसरा. लोकसंख्या, रोजगार आणि कारखान्यांचा प्रकार व आकार हा तिसरा. ऐकायला ठीक, पण तीन निकष तीन दिशांना बोट दाखवू लागले की प्रकरण ‘जैसे थे’वर जायचं. मी या समितीच्या बैठकांची इतिवृत्तं चिकाटीने वाचली आहेत (निवृत्त माणसाला एवढा वेळ असतो), आणि ‘जैसे थे’ हा त्यांतला सर्वांत कसलेला युक्तिवाद आहे.

सगळ्यांत गाजलेलं उदाहरण पेनसिल्व्हेनियातल्या टोबिहॅना डेपोचं. तो मन्रो काउंटीत. जीएससाठी ही काउंटी न्यूयॉर्क विभागात, डब्ल्यूजीसाठी स्क्रँटन–विल्क्सबॅरी विभागात. तुमची तक्रार हुबेहूब हीच. 2010 मध्ये एफप्रॅकने बहुमताने शिफारस केली की ‘उर्वरित अमेरिका’ सोडून जीएसच्या कुठल्याही एका विभागात डब्ल्यूजीचे एकापेक्षा जास्त विभाग नसावेत. व्यवस्थापनाच्या बाजूने विरोध होता आणि तो निव्वळ खोडसाळ नव्हता: दोन पद्धतींत मोजायची कामं वेगळी, मालक वेगळे, मग नकाशा एक का असावा? शिवाय खर्च. मला स्वतःला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. मोजमाप वेगळं असू शकतं, पण सकाळी त्याच हायवेवरून येणाऱ्या दोघांचा ‘परिसर’ दोन प्रकारचा कसा असेल? शिफारस पडून राहिली, पुन्हा उकरली गेली, आणि जानेवारी 2025 मध्ये ओपीएमने अंतिम नियम काढला. अंमल त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून. ये-जा करणाऱ्यांच्या आकड्यांना त्यात जास्त वजन आलं आणि मन्रो काउंटी न्यूयॉर्कच्या तक्त्यात गेली. पंधरा वर्षं लागली!

उलटही घडतं. काउंटी हलली की काही श्रेणींना नवा तक्ता खालचाही पडू शकतो. तेव्हा पगार राखण्याची तरतूद लागू होते: हातातला दर कापत नाहीत, पण पुढच्या वाढीतला निम्माच वाटा मिळतो, नवा तक्ता तुम्हाला गाठेपर्यंत.

आणि एक वाकडी वाट सांगून ठेवतो, कारण विमानदुरुस्तीच्या डेपोत असाल तर ती कामाला येईल. ओक्लाहोमाचे सिनेटर मन्रोनी यांच्या नावाने 1968 सालची एक दुरुस्ती ओळखली जाते. सरकारी डेपोत विमानांचं काम भरपूर, पण आसपास तसा खाजगी उद्योगच नाही, अशी तिथल्या टिंकर हवाई तळाची अडचण होती. अशा वेळी तो उद्योग असलेल्या दुसऱ्या विभागातले आकडे आणता येतात. म्हणजे रेषा तिथेच राहते, फक्त तुलना रेषा ओलांडते.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी तुमच्या नेमणुकीच्या कागदावर कामाच्या ठिकाणाची काउंटी बघा. तुम्ही राहता कुठे याला काही अर्थ नाही. ती काउंटी ‘उर्वरित अमेरिका’ सोडून जीएसच्या दुसऱ्या कुठल्या विभागात असेल तर ऑक्टोबर 2025 नंतरचा तुमचा तक्ता कोणता ते मनुष्यबळ कार्यालयाला लेखी विचारा. तोंडी विचारलंत तर जुन्याच तक्त्याचा कागद हातात देतील, माझ्याकडे तसे दोन आहेत. काउंटी ‘उर्वरित अमेरिके’त असेल तर नव्या नियमातल्या एकाच विभागाच्या अटीचा तुम्हाला उपयोग नाही. मग तुमच्या काउंटीतून किती माणसं कुठे कामाला जातात हे जनगणना खात्याचे आकडे काढून युनियनमार्फत एफप्रॅककडे प्रकरण न्यावं लागेल. आणि पुढच्या पूर्ण सर्वेक्षणाला आकडे गोळा करणाऱ्यांत तुमचं नाव सुचवायला सांगा. सुरक्षेचे बूट स्वतःचे न्या, कारखान्यात देतात ते कधीच मापाचे नसतात.