जुना ब्राउझर कधी तोडायचा? वाचकांची प्रश्नोत्तरे

जुन्या ब्राउझरवर साइट चालवणं कधी थांबवायचं, हाच गोंधळ घेऊन पुन्हा पुन्हा विचारणा होते, म्हणून चार प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : चपलांच्या ऑर्डरी ऑनलाइन घेतो. साइट इंटरनेट एक्सप्लोररवर चालायलाच हवी का? (चप्पल लाइन)

उत्तर : नको. एक्सप्लोरर ११ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनेच १५ जून २०२२ ला थांबवला.

प्रश्न : पतसंस्थेच्या साइटवर सभासद लॉगिन करून खातं बघतात. टीएलएस १.० (ब्राउझर आणि साइट यांच्यात जाणारी माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या पद्धतीची जुनी आवृत्ती) बंद केलं तर विंडोज ७ वाले अडकतील, मार्च एंडनंतर बघू, असं संचालक म्हणतात. (शाहूपुरी)

उत्तर : मार्च एंडचा इथे काय संबंध? टीएलएस १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्येच अधिकृतपणे बाद झाली. कार्ड पेमेंटच्या नियमांत तर १.० सोडायची मुदत ३० जून २०१८ होती. तुमच्या सभासदाचा पासवर्ड आजही त्या कमकुवत वाटेनं जाऊ शकतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही.

विंडोज ७ वाले सरसकट अडकतील ही ऐकीव गोष्ट. त्यावर क्रोम १०९ चालतो, त्याला टीएलएस १.२ आणि १.३ दोन्ही येतात. (त्याला आता सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, हेही सभासदांना सांगाच.) अडकतील ते मुख्यतः एक्सप्लोररच्या १० पर्यंतच्या आवृत्त्या वापरणारे. ते किती, हे जगाच्या आकडेवारीत शोधू नका. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे साइटला आलेल्या भेटींच्या नोंदवहीत, टीएलएसची आवृत्ती नोंदवता येते. महिनाभर नोंदवून बघा.

सूचना मात्र आधीच द्या. जुनं टीएलएस बंद केलं की त्या ब्राउझरची जोडणीच होत नाही, मग ‘ब्राउझर बदला’ हे सांगणारं पानसुद्धा उघडत नाही. साइटवर, काउंटरवर, एसएमएसनं तारीख कळवा आणि ती पुढे ढकलू नका. सेटिंग बदलण्याआधी होस्टिंगवाल्याशी बोला. मोबाइल ॲप किंवा एसएमएसची सेवा त्याच सर्व्हरला जोडलेली असेल तर तीही तपासून घ्या.

प्रश्न : वेबसाइटवाला ‘सर्व ब्राउझर सपोर्ट’चे वर्षाला वेगळे पैसे मागतो. (उद्यमनगर)

उत्तर : कोणते ब्राउझर, कुठल्या आवृत्तीपासून, ते लेखी मागा. ‘सर्व’ असं काही नसतं. कागद दुसऱ्या जाणकाराला दाखवल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न : ब्राउझरचं नाव तपासून जुन्यांना अडवू का? (गुजरी)

उत्तर : नावावर जाऊ नका. क्रोमसुद्धा साइटला आपली ओळख सांगताना ‘मोझिला’ या दुसऱ्याच नावापासून सुरुवात करतो. दागिन्यांची पानं जुन्या फोनवर साधी दिसली तरी चालतील; पत्ता आणि फोन नंबर दिसला पाहिजे. लॉगिन आणि पेमेंटला ही सवलत नाही. तिथे कुठल्या आवृत्तीपासून चालू द्यायचं, ते पेमेंट गेटवेवाल्यांना (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीला) विचारून ठरवा.