हैतीचे पारंपरिक पदार्थ घरी शिकायचे आहेत, सुरुवात कुठून करावी?

आधी एपिस करा. कांद्याची पात, पार्सली, लसूण, ढोबळी मिरची, थाइम आणि थोडं तेल एकत्र वाटायचं. हैतीतलं बरंचसं जेवण याच वाटणावर उभं असतं.

मग थेट सूप जूमू. एपिस आणि लिंबू लावून बीफ रात्रभर मुरवा, मऊ शिजवा, त्यात घोटलेला लाल भोपळा, बटाटा, गाजर, कोबी, शेवटी पास्ता. स्कॉच बॉनेट मिरची अख्खीच सोडा, फुटू देऊ नका. सुगंध उतरतो, तिखटपणा आवाक्यात राहतो. गुलामगिरीच्या काळात हे सूप गुलाम रांधत, पण ते मालकांच्या ताटात जाई. म्हणूनच १ जानेवारी, म्हणजे १८०४ च्या स्वातंत्र्याचा दिवस, आजही याच सुपाने साजरा होतो. २०२१ मध्ये युनेस्कोनेही त्याला वारसा मानलं.

पिकलीझ, म्हणजे व्हिनेगरमधली कोबी-गाजर-मिरची, नंतर सवडीने करा.