एकदाच लाल लघवी झाली, आता साफ आहे…

प्रश्न : माझे पती ६१ वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात एकदा त्यांना लालसर लघवी झाली. आग नाही, दुखणं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सगळं साफ. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, तिच्यामुळेच झालं असेल म्हणून ते डॉक्टरकडे जायला तयार नाहीत. तरुणपणी ते कापडाच्या रंगांच्या कारखान्यात होते. सिगारेट अजून सुटलेली नाही. भरपूर पाणी प्यायलं तर कॅन्सरचा धोका टळेल का?

उत्तर : पाण्याचं नंतर बघू, आधी गोळीचं. ती रक्त पातळ करते, पण रक्त कुठून तरी यावं लागतं ना! ती जागा शोधायलाच हवी. मात्र गोळी मनाने बंद करू नका.

दुखत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात, आणि माझी भीती नेमकी तिथेच असते. मूतखडा किंवा जंतुसंसर्ग बहुधा दुखून सांगतो. लघवीच्या पिशवीतली गाठ मुकाट्याने रक्त सोडते, मग कित्येक आठवडे गप्प बसते. रक्त दिसलं म्हणजे कॅन्सरच असं मुळीच नाही, प्रोस्टेट वाढल्यानेही येतं. पण न बघता हे कोणी सांगू शकत नाही. (बायकांचे हाल वेगळे: 'इन्फेक्शन' म्हणून अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स होतात आणि निदान लांबतं.)

नुसती सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून थांबू नका. छोटी किंवा चपटी गाठ तीत निसटू शकते. दुर्बिणीची तपासणी, म्हणजे सिस्टोस्कोपी, करून घ्या. पुरुष हिला उगाच घाबरतात. बधिर करणारी जेली लावून बारीक, लवचिक नळी लघवीच्या वाटेने आत जाते. काही मिनिटांचं काम, नंतर एखादा दिवस थोडी जळजळ. मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्यांसाठी बहुधा सीटी स्कॅनही सांगतील.

आता सिगारेट. धुरातली रसायनं फुप्फुसातून रक्तात जातात, मूत्रपिंड ती गाळून काढतं आणि पुढचे काही तास ती पिशवीत साठून राहतात, अस्तराला लागून. लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरच्या साधारण निम्म्या रुग्णांमध्ये कारण तंबाखूचा धूर असतो. रंगांचंही तसंच. १८९५ मध्ये लुडविग रेन या जर्मन सर्जनने रंगकामगारांमधल्या अशा गाठींची नोंद केली होती. काम सोडल्यावर वीस-तीस वर्षांनीही आजार उद्भवू शकतो. केसपेपरवर व्यवसाय म्हणून नुसतं 'निवृत्त' लिहिलं जातं, तेव्हा कारखान्याचं तुम्हीच आवर्जून सांगा.

पाणी जरूर प्यावं, पण सिगारेटची भरपाई त्याने होत नाही. सिगारेट सोडली की धोका वर्षागणिक उतरत जातो. ६१ व्या वर्षी सोडण्यातही अर्थ आहे.

आणि समजा गाठ निघालीच, तर निदानाच्या वेळी चारातल्या जवळपास तीन रुग्णांत ती पिशवीच्या स्नायूपर्यंत पोचलेली नसते. पोट न उघडता दुर्बिणीतूनच काढता येते. पुन्हा उगवायची तिची खोड आहे, म्हणून नंतर ठरावीक काळाने दुर्बिणीची तपासणी मात्र चुकवून चालत नाही.

याच आठवड्यात यूरॉलॉजिस्टची वेळ घ्या. सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर न्या. रक्ताच्या गाठी पडल्या किंवा लघवी अडली, तर वेळ मिळण्याची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.